पैशांचं चीज

"जेवणखाण सगळं तिकिटातच आहे ना?" चिविताव्हेक्कियाच्या बंदरात, सामान देण्याच्या रांगेत उभं असताना आईनं विचारलं. रोमला समुद्र नाही, त्यामुळे रोमची जहाजं तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या या बंदरातून सुटतात. मी "हो" म्हटलं. या प्रवासात आईला मारलेली ही पहिली थाप.

आईचं माहेर देवगडचं. तिच्या लेखी बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी, कोकणात जाणारी बोट. बोट खोल पाण्यात थांबायची, मग माणसं, ट्रंका आणि कोंबड्या पडावात उतरवायच्या. 'बोट लागणं' हा शब्दप्रयोग तिनं भोगून शिकलेला आहे. म्हणून पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या आणि आवळासुपारी, आणि हातात, कुणी हसलं तरी चालेल, एक प्लास्टिकची पिशवी. प्रत्यक्षात जहाज सुटून पाऊण तास झाला तरी तिला पत्ता नव्हता. "सुटणार कधी हे?" तिनं विचारलं तेव्हा खिडकीतून किनारा बोटभर उरला होता.

तिच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून माझ्या धाकट्या बहिणीनं ही तिकिटं काढली होती. ती जर्मनीत असते, आमच्याबरोबर येणार होती, पण ऐनवेळी कामात अडकली. यायला जमलं नाही याचं तिनं उट्टं काढलं ते जहाजावरच्या इटालियन रेस्टॉरंटात आमचं टेबल परस्पर बुक करून. पैसे अर्थात माझ्या केबिनच्या खात्यावर.

क्रूझवर जाऊन न आलेल्यांसाठी सांगते. तिकिटात जेवण असतं आणि ते अफाट असतं. वरच्या मजल्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू असलेला बुफे, खाली पांढऱ्या टेबलक्लॉथचा मोठा डायनिंग हॉल, मधल्या वेळेला पिझ्झा, आइस्क्रीम. आणि तरीही त्याच जहाजावर तीन-चार छोटी रेस्टॉरंटं अशी असतात की जिथं वेगळे पैसे मोजून जेवायचं. त्यांना 'स्पेशालिटी' म्हणतात. आमच्या जहाजावरच्या इटालियनचे माणशी ४५ डॉलर होते, वर १८ टक्के सेवाशुल्क. दोघींचे १०६ डॉलर आणि काही सेंट. रुपयांत नऊ हजारांच्या घरात. मंगल कार्यालयाच्या दारात अहेराचं पाकीट घेऊन उभं राहावं आणि आत आणखी एक दार असावं, तिथं तिकीट, असा हा प्रकार. आईला सांगणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "पंचाहत्तरीच्या लोकांना त्यांच्यातर्फे असतं हे." थाप क्रमांक दोन.

ही कल्पना नवी नाही. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' नावाच्या जहाजावर रिट्झ हॉटेलवाल्यांच्या नावानं वेगळे पैसे देऊन जेवायचं रेस्टॉरंट निघालं होतं. 'टायटॅनिक'वरही असं एक होतं. फर्स्ट क्लासच्या तिकिटात जेवण असूनही लोक तिथं जादा पैसे देऊन जेवायला जात. ते चालवायला घेतलं होतं लुईजी गात्ती या इटालियन माणसानं, लंडनमध्ये त्याची रेस्टॉरंटं होती. जेवण फ्रेंच पद्धतीचं, पण वाढणारी आणि रांधणारी बरीच मंडळी त्याचीच, इटलीतून आलेली. जहाज कंपनीच्या पगारपत्रकावर ती नव्हती आणि प्रवाशांतही नव्हती. साठांहून अधिक माणसांपैकी वाचली ती तिघं, त्यांतल्या दोघी गल्ल्यावर बसणाऱ्या बायका. गात्तीही गेला. हे मी निघायच्या आठवडाभर आधी वाचलं होतं, आणि आईला सांगितलं नव्हतं, कारण बोटीवर नेताना कुणी कुणाला टायटॅनिकच्या गोष्टी सांगत नाही.

त्या दिवशी दुपारी आम्ही नेपल्सला उतरलो होतो. तिथं पिझ्झा खाल्लाच पाहिजे म्हणून एका गल्लीत, भिंतीला टेकवलेल्या डुगडुगत्या टेबलावर आम्ही दोन मार्गारिटा मागवल्या. टोमॅटो, तुळशीच्या नात्यातली बेसिलची पानं, पांढरं मऊ चीज, वरून किसलेलं थोडं पिवळं चीज. कडा करपलेल्या, मध्यभाग इतका ओला की सुरीनं कापल्यावर घरंगळत यायचा. आईनं पोळीसारखे तुकडे तोडून तो पूर्ण संपवला. "आपल्याकडचा कसा चिवट असतो," म्हणाली. मीही खाल्ला, पण माझं लक्ष तिच्या ताटातल्या पिवळ्या किसाकडे होतं.

आता ते सांगून टाकते. पार्मेजान, म्हणजे अस्सल पार्मिजानो रेजिआनो, शाकाहारी नसतं. पार्मा, रेजिओ एमिलिया, मोदेना आणि आसपासच्या ठरावीक पट्ट्यातच ते बनवायचं असा कायदा आहे, आणि त्यात दूध, मीठ आणि रेनेट यांखेरीज काही घालायचं नाही असाही. रेनेट म्हणजे दूध फाडणारं विरजण, आणि तिथं ते वासराच्या जठरातलंच लागतं. चाळीसेक किलोच्या एका चाकाला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध आणि चिमूटभर ते. मग किमान बारा महिने फळीवर ठेवायचं. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच चीजवर हिरवा ठिपका असतो, तिथं सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात. इटलीत तसं गृहीत धरता येत नाही. हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे. आई अंडंही खात नाही. पण पंचाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा देशाबाहेर पडलेल्या बाईला आठवडाभर ब्रेड-केळ्यांवर ठेवायचं का? तिला माहीत नाही तोवर तिला दोष नाही, दोष असला तर माझ्या खात्यावर, जेवणाच्या बिलासारखा. असा मी हिशेब घातला होता.

रात्री साडेआठला आम्ही त्या रेस्टॉरंटात गेलो. आईनं नारायण पेठ नेसली होती. दारातच एक फरक जाणवला आणि तो शांततेचा होता. बुफेत तीन हजार माणसांचा कालवा असतो, चमच्यांचा, मुलांचा, "हात धुतले का" म्हणून स्प्रे घेऊन उभ्या असलेल्या पोऱ्यांचा. इथं वीसेक टेबलं, मंद दिवे, खिडकीबाहेर काळा समुद्र. भिंतीवर तोस्कानातल्या टेकड्यांचं चित्र. खरं इटली खिडकीच्या त्या बाजूला काही मैलांवर अंधारात सरकत होतं आणि आम्ही नऊ हजार देऊन चित्रातल्या इटलीसमोर बसलो होतो. मला हसू आलं. आईनं कारण विचारलं, मी "काही नाही" म्हटलं. या छोट्या मी मोजत नाही.

वेटर आला. जहाजावर प्रत्येकाच्या छातीवर नावाची पाटी असते आणि नावाखाली देश. आईनं आधी पाटी वाचली, मग चेहरा पाहिला.

"इंडियात कुठले तुम्ही?" तिनं थेट मराठीत विचारलं.

तो क्षणभर थबकला. "वेंगुर्ल्याचो," म्हणाला. मग सावरून, "सिंधुदुर्ग जिल्हा. आजी, तुमी खंयच्या?"

"माझं माहेर देवगड."

झालं. पुढची पाच मिनिटं शेजारच्या टेबलावरचं वयस्क जोडपं पाणी मागत राहिलं. वेंगुर्ल्याचं हे पोर म्हणजे तिशी-पस्तिशीचा माणूस. पाचवं कॉन्ट्रॅक्ट. आठ महिने बोटीवर, दोन महिने घरी. मुलगी पहिलीत गेली ती व्हिडिओ कॉलवर पाहिली. काका बोटीवर होते, काकांचे काकाही. कोकणातली आणि गोव्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या जहाजांवर रांधत-वाढत आली आहेत. गोव्याच्या खलाशांच्या, गावोगावच्या नावांनी चालणाऱ्या 'कुडी', म्हणजे सामायिक बिऱ्हाडं, मुंबईत धोबीतलावला होत्या, पुढची बोट मिळेपर्यंत तिथं ट्रंकेवर डोकं ठेवून पडायचं. त्यानं हे सांगितलं नाही, मला ठाऊक होतं. त्यानं मेन्यू सांगितला.

आणि काय सांगितला! म्हणजे इंग्रजीत पाठ केलेलं एक भाषण असतं ते त्यानं गुंडाळून ठेवलं आणि आईच्या बाजूनं पदार्थ एकेक करून बाद करत गेला.

"ताजा पास्ता नको आजी, त्यात अंडं. रिसोत्तोत स्टॉक चिकनचा. मिनेस्त्रोने भाज्यांचंच सूप हा, पण ह्यांच्या किचनात त्यात चीजची साल उकळतत. पेस्तोतही चीज. पन्ना कोत्तात जिलेटिन, तिरामिसूत अंडं." तो थांबला. आई भारावून ऐकत होती, जणू कुणी तिची कुंडली वाचत होतं.

"मग राहिलं काय?" मी विचारलं.

"राहिलं ना. टोमॅटोचा ब्रुस्केत्ता घ्या. आणि ओरेकिएत्ते. दक्षिणेकडला, पुलिया भागातला पास्ता, नुसता रवा आणि पाणी. ब्रोकोलीबरोबर देतत, त्यात बारीक मासळी घालतत अँचोवीची, ती नको सांगतो." मग माझ्याकडे वळून, "ताईंना वोंगोले देऊ? स्पगेत्ती वोंगोले. तिसऱ्या, ताई! आपल्या तिसऱ्यांसारख्या. लसूण, ऑलिव्ह तेल, पार्सली. आज नेपल्सात घेतलेल्या."

तिसऱ्या. माझ्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. हॉस्टेलला असताना मालवणच्या मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा खाल्ल्या होत्या, खोबऱ्याच्या वाटणातल्या, शिंपल्यासकट ओरपायच्या. त्या गोष्टीला आता तीस वर्षं होतील.

"नको," मी म्हटलं. "मलाही ओरेकिएत्ते."

तो "बरं" म्हणाला. वेंगुर्ल्याचा माणूस तो. तिसऱ्यांचं नाव काढल्यावर कुणाचा चेहरा कसा होतो हे त्याला वेगळं सांगायला नको. पण बोलला नाही.

ओरेकिएत्ते म्हणजे छोटे कान. कणकेची लांब वळी करायची, तिचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा सुरीनं पाटावर घासत ओढायचा आणि अंगठ्यावर उलटायचा. बारीच्या जुन्या गावात बायका आजही घराच्या दारात टेबल टाकून हे करत बसतात. ताट आलं तेव्हा आईनं एक कान काट्यावर घेतला, दिव्याकडे धरला, उलटा केला. आतल्या बाजूला गुळगुळीत, वर खरखरीत.

"नखुले आहेत हे," तिनं जाहीर केलं.

तिचं खरं होतं. लग्नाआधी आपल्याकडे बायका जमून गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे करायच्या, रुखवतासाठी आणि खिरीसाठी. रव्याची घट्ट कणीक, बोटाच्या टोकाएवढी गोळी, नखानं दाबून खळगा. माझ्या लग्नात आईनं आणि मावशीनं तीन दुपारी खपून केले होते. ते रुखवतात काचेच्या बरणीत मांडले गेले आणि मग कुठं गेले देव जाणे. खीर केल्याचं काही मला आठवत नाही. आपण हा पास्ता केला, सुकवला, बरणीत भरला आणि दुधातच बुडवला. त्याला लसूण-मिरचीची फोडणी द्यायचं कुणाला सुचलं नाही. शेवयांना उपमा होण्याचं भाग्य लाभलं, गव्हल्यांना तेही नाही.

आईनं पहिला घास घेतला. कान अगदी शिजलेले नव्हते, दाताला लागत होते. ब्रोकोली त्यात मोडून हिरवा लगदा झालेली, तेलात परतलेली लसूण, सुकी लाल मिरची. "कच्चं राहिलंय जरा," ती म्हणाली, आणि पुढचा घास घेतला.

तेवढ्यात तो किसणी आणि पिवळ्या चीजचा भला मोठा तुकडा घेऊन आला. शेजारच्या टेबलावर त्यानं बर्फासारखा किस पाडला. मग आमच्याकडे आला. माझ्या ताटावर किसणी धरली, मी मान हलवली, किस पडला. मग तो आईच्या बाजूला गेला आणि किसणी खाली घेतली.

"आजी, तुमका हा चालाचा नाय."

"का रे? चीज ना ते?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांनी जेवढं 'नको' सांगता येतं तेवढं मी सांगितलं. त्याला ते कळलं, मला खात्री आहे. पाच कॉन्ट्रॅक्टं त्यानं माणसांच्या डोळ्यांवर काढली होती.

"ह्यात वासराच्या पोटातला विरजण असता, आजी," तो हळू म्हणाला. "दूध फाडूक. गुजराती, जैन पाव्हणे येतत, त्यांनी शिकवलं माका. म्हणून मी शाकाहारी लोकांना सांगतोच."

आईनं काटा ताटात ठेवला. वाजूही दिला नाही.

"तुला माहीत होतं?" हे मला.

"सगळ्याच चीजमध्ये नसतं," मी म्हटलं. प्रश्नाचं उत्तर हे नव्हतं, आणि ती पस्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई आहे.

"मग दुपारचा पिझ्झा?"

मी गप्प. तो किसणीवरचे कण फडक्यानं पुसू लागला, फारच मन लावून. मग म्हणाला, "नेपल्सात मारिनारा म्हणून मिळता आजी. चीज नसताच त्यात. टोमॅटो, लसूण, ओरेगानो. खलाशांचा पिझ्झा, नावच त्यावरून." आणि मला, हलक्या आवाजात, "परत गेलात तर तो घ्या, ताई."

खलाशांचा पिझ्झा. त्याच गल्लीत, त्याच पाटीवर, मार्गारिटाच्या वरच्या ओळीत, एक युरो स्वस्त. मी वाचला होता. 'चीज नाही म्हणजे काय पिझ्झा' असं मनात म्हणून ओळ ओलांडली होती.

तो आत गेला आणि एक वाटी घेऊन आला. त्यात तेलात खरपूस भाजलेला पावाचा चुरा होता. "ह्या घाला. पानग्रात्तातो. तिकडे दक्षिणेत गरिबांना चीज परवडायचा नाय, तर ते ह्या घालत."

आईनं चमचाभर भुरभुरवला, खाल्ला, आणखी भुरभुरवला. नऊ हजारांच्या टेबलावर गरिबांचं चीज. त्या चुऱ्यानं त्या मऊ-चिवट कानांना जी कुरकुरीत जोड दिली, ती माझ्या ताटातल्या बारा महिने पिकवलेल्या पार्मिजानोला देता आली नाही. मी तिच्या वाटीतला मागून घेतला. अर्थात तोवर माझ्या ताटात वासरू पडलेलं होतं.

"गोपाळराव जोशी आठवले मला," आई मध्येच म्हणाली. ती चिडली की इतिहासात जाते. "आनंदीबाईंचे?" "तेच. आनंदीबाई १८८३ साली बोटीनं एकट्या अमेरिकेला गेल्या, शाकाहार सांभाळून. अठरा वर्षांची पोर. आणि ती गेल्यावर काही वर्षांनी या गोपाळरावांनी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये भल्या भल्यांना चहाला नेलं आणि मागाहून कोण कोण आलं होतं ते छापून आणलं. टिळक, रानडे, सगळ्यांना प्रायश्चित्त. एका चहापायी." ती चुरा वेचत होती. "मला तो माणूस कधी आवडला नाही. पण लपवलं तरी नाही त्यानं."

शेवटी लिंबाचं सोर्बे आलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, बर्फ, साखर, लिंबू. आईनं त्याला विचारलं की तू कधी जेवणार. अकरानंतर, खाली क्रूच्या मेसमध्ये, भात आणि आमटीसारखं काहीतरी असतं, माशाचं असलं तर बरं. इथलं जेवलाय का कधी? "चव घेतलंय," तो म्हणाला, "बसून नाय." मग सहीसाठी चामडी पाकिटातली पावती टेबलावर ठेवून तो दुसऱ्या टेबलाकडे गेला. मी पर्समध्ये पेन शोधत होते. वर पाहिलं तेव्हा पाकीट आईच्या बाजूला होतं आणि तिचा चष्मा नाकावर.

तिनं पाकीट मिटून माझ्याकडे सरकवलं. काही बोलली नाही.

कॅप्टननं सांगितलं होतं की रात्री एकनंतर डाव्या हाताला स्ट्रॉम्बोली दिसेल. समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी, शतकानुशतकं थोड्या थोड्या वेळानं ठिणग्या उडवतो, म्हणून त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणतात. आई म्हणाली, जागूया. आम्ही केबिनच्या बाल्कनीत शाली गुंडाळून बसलो. दिवा बंद. खाली पाण्याचा एकसुरी आवाज. पिशवी तिच्या मांडीवर, घडी केलेली, अजून कोरी.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तिसऱ्या मागवायच्या होत्यास."

मी काहीच बोलले नाही.

"हॉस्टेलपासून खातेस. सुट्टीत घरी आलीस तेव्हा झोपेत बोललीस, तिसऱ्या संपल्या म्हणून रडत होतीस." ती हसली असावी, अंधारात दिसलं नाही. "तुझ्या बाबांनी सांगितलं, तिला विचारू नकोस. नाही विचारलं."

"तीस वर्षं?"

"तू नाही का दहा वर्षं चीजचं." मग, "एकशे सहा डॉलर म्हणजे किती गं?"

मी सांगितलं. खरं सांगितलं. तिनं मनात गुणाकार करून पाहिला असणार, कारण जरा वेळ गेला.

"त्या मुलाला वेगळे काही दिलेस का?"

"नाही. सेवाशुल्कात असतं."

"उद्या देऊन ये. हातात." तिनं शाल कानावरून घेतली. "आणखी काय काय सांगायचं राहिलंय?"

डावीकडे, फार दूर, काळोखात एक लाल ठिपका उमटला आणि विझला. ती पुढे वाकली.

"टायटॅनिक," मी म्हटलं.